चिप्पाबाईंच्या आवाजामागचा पंखा

चिप्पाबाईंना मी माणसांवर रागावताना फारसं पाहिलं नाही. वस्तूंवर मात्र त्या मनसोक्त रागवायच्या, आणि तेही तेलुगूत. न उघडणारं कपाट, वाऱ्यानं उलटी होणारी छत्री, धडा रंगात आला असताना वाजणारी घंटा, सगळ्यांना त्यांचा एकच हुकूम असे, "ऊरुको!" म्हणजे गप्प राहा. वर्गातल्या पोरांसाठी हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. पोरांना त्या 'बाळा' म्हणायच्या, मग त्या बाळाला मिसरूड का फुटलेली असेना.

आमच्या शाळेत त्या मराठी शिकवायच्या. मी विज्ञान शिकवतो आणि कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली सांभाळतो. त्यामुळे शाळेतल्या कुणाच्याही घरचा कॉम्प्युटर अडला की तो माझाच गुन्हा असल्यासारखे सगळे माझ्याकडे बघतात. बाईंची आणि माझी खरी ओळख झाली ती त्या निवृत्त झाल्यावर, अशाच एका अडलेल्या कॉम्प्युटरपायी.

बाई सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरातल्या. लग्न केलेलं नव्हतं. पुढच्या खोलीत त्या, मागच्या खोल्यांत धाकटा भाऊ नरसय्या आणि त्याचा संसार, मधे फरशीचं अंगण, आणि अंगणापलीकडे नरसय्याचा टॉवेल-चादरींचा छोटा कारखाना. यंत्रमागांचा खडखडाट सकाळी सुरू झाला की दिवेलागणीपर्यंत थांबायचा नाही. अशा घरात जन्मलेलं मूल आधी ओरडायला शिकतं आणि मग बोलायला. बाई ओरडायला शिकल्याच नाहीत. त्यांचा आवाज चढायचा नाही, पण पोचायचा. त्या धडा वाचत असल्या की नोटीस घेऊन आलेला शिपाई दारातच उभा राहायचा आणि परिच्छेद संपल्यावर आत यायचा. नोटीस कसली आहे हे पुष्कळदा तोही विसरलेला असायचा.

एवढं नितळ मराठी ऐकून नवीन माणूस हमखास विचारायचा, "बाई, तुमची मातृभाषा तेलुगू?" त्यावर त्या म्हणायच्या, "म्हणून तर नीट शिकले. तुम्हाला आयती मिळाली, तुम्ही सांभाळली नाही." विचारणारा मग उरलेल्या भेटीत जपून बोलायचा. मी तर त्यांच्यासमोर 'पाणी' म्हणतानाही एकदा मनात म्हणून बघायचो.

त्यांचा एक नियम शाळेत प्रसिद्ध होता. दंगा करणाऱ्या पोराला त्या वर्गाबाहेर काढायच्या नाहीत. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत त्यांच्या वर्गाबाहेर एकही पोरगं उभं राहिलं नाही, आणि ह्याचा त्यांना भारी अभिमान. "आवाज करतंय ना, मग आधी विचारा काय होतंय. गप्प बस नंतर." एका उन्हाळ्यात एक पोरगा तासभर तोंडानं ट्रॅक्टरचा आवाज काढायचा. आमच्यापैकी प्रत्येकानं त्याला एकेकदा बाहेर काढून बघितलं होतं. बाई त्याच्या बाकावर त्याला खेटून बसल्या आणि तिथूनच शिकवायला लागल्या. थोड्या वेळानं त्यांच्याच मानेवर पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन आलं. त्या उठल्या, बाक स्वतः ओढला आणि भिंतीला लावला. ट्रॅक्टर बंद झाला. शिक्षकांच्या खोलीत येऊन आम्हाला एवढंच म्हणाल्या, "भाजत होतं हो त्याला." आम्ही चहा प्यायला लागलो. दुसरं काय करणार?

निवृत्त झाल्यावर बाईंनी एक काम अंगावर घेतलं. अश्विनी नावाची एक मुलगी, जेऊरकडची, शेतकऱ्याची पोर, सोलापुरात वसतिगृहात राहून बी.ए. करत होती. तिला दिसत नव्हतं. तिच्या इतिहासाच्या पेपरचं मराठी पुस्तक जुनं, पुसट छपाईचं. मोबाईलवर ते वाचणारं यंत्र जागोजागी ठेचकाळायचं. अश्विनी म्हणायची, "ती मशीनमधली बाई लढाई सुरू झाली तरी त्याच सुरात आन संपली तरी त्याच सुरात. मला कळतच न्हाय कोन जिंकलं." म्हणून बाईंनी अख्खं पुस्तक तिच्यासाठी वाचून ध्वनिमुद्रित करायचं ठरवलं. मोबाईलवर करून पाहिलं, पण भर वाक्यात निवृत्त मंडळींचे फोन यायचे आणि मधला खोकला कापता यायचा नाही. पुण्याला नोकरी लागलेल्या भाच्याचा जुना कॉम्प्युटर घरी पडून होता. त्याला माईक जोडला आणि बाई सुरू झाल्या.

पहिले धडे अश्विनीकडे पोचले आणि तिचा फोन आला. "बाई, तुमी लई झाक वाचताय. पर तुमच्या मागं पिठाची गिरण चालू हाय की."

बाईंना गिरण काही ऐकू येईना. त्यांना वाटलं, मागांचाच आवाज असणार. त्यांनी खिडक्या बंद केल्या, दारं बंद केली, आणि भावाच्या कारखान्यातल्या जाड चादरी सगळ्या दारांखिडक्यांवर टांगल्या. छताचा पंखाही बंद केला. अश्विनी म्हणाली, माग गेले, गिरण हायच. बाईंना ऐकू काहीच येत नव्हतं, पण खोलीत चालू अशी एकच वस्तू उरली होती, म्हणून त्यांनी तिलाच गुन्हेगार ठरवलं, टेबलाखालचा कॉम्प्युटरचा डबा. त्यालाही एक चादर पांघरली. अश्विनी म्हणाली, "बाई, गिरणीला आता दुसरा पट्टा लावलाय का?" बाईंनी त्या चादरीवर आणखी एक चादर घातली आणि मग मला फोन केला.

"माळी, माझ्या पुस्तकात गिरण शिरलीय म्हणे. येऊन बघता का जरा?"

मी गेलो तेव्हा मार्च संपत आला होता. बाहेर ऊन नुसतं ओतत होतं आणि त्या खोलीत बाहेरच्यापेक्षा जास्त उकडत होतं. चारी बाजूंनी चादरी, एकीवर मोर, एकीवर हत्ती, आणि टेबलाखाली मोठ्या फुलांच्या दोन चादरी पांघरलेला कॉम्प्युटर, थंडी वाजून आलेल्या रोग्यासारखा. आतला पंखा असा काही घोंगावत होता की मी दारातच थबकलो. बाई शांतपणे मला पाणी देत होत्या.

"बाई, तुम्हाला हे ऐकू येत नाही?"

"काय?"

मी वाकून कॉम्प्युटर बंद केला. घोंगावणं उतरत उतरत थांबलं. बाईंनी एकदम मान वर केली. "काय बंद झालं?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. जन्मभर मागांशेजारी राहिलेल्या त्या कानांनी एकसारखा चालणारा कुठलाही आवाज ऐकणंच सोडून दिलं होतं. तो थांबला तरच त्यांना कळायचा. बाई खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्या पोरीनं एवढे धडे ह्या गोंगाटातून वेचून ऐकले?"

त्यांना वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटलं की बाई शिकायला बसायच्या. मला त्यांनी समोर बसवलं. "आता सांगा. हा का ओरडतो?"

मी सांगितलं की प्रोसेसर काम करतो तेव्हा तापतो. त्याच्या पोटातच ताप मोजायची सोय असते. ती मदरबोर्डला सांगते, आता एवढं तापलंय. मदरबोर्ड मग पंख्याला हुकूम सोडतो, आणि तो हुकूम म्हणजे विजेचे बारीक बारीक झटके, चालू-बंद, चालू-बंद, इतके भराभर की पंख्याला ते सलगच वाटतात. चालूचा वेळ वाढवला की पंखा जोरात, कमी केला की सावकाश. किती तापल्यावर किती जोरात फिरायचं, ह्याचा एक तक्ता आत लिहिलेला असतो. आणि वेग थोडा वाढला तरी आवाज मात्र बराच वाढतो.

"म्हणजे तो खोडीनं ओरडत नाही."

"नाही. तापतो म्हणून ओरडतो. तुम्ही चादर घातलीत, गरम हवा आतच कोंडली, तो आणखी तापला, आणखी ओरडला. मग तुम्ही दुसरी चादर घातलीत."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अरे देवा. भाजणाऱ्या पोराला मी घोंगडी पांघरली." आणि त्या एवढ्या हसल्या की मागच्या खोलीतून नरसय्याची बायको बघायला आली.

मी डबा उघडला. पंख्याखाली धातूच्या पातळ पट्ट्यांची एक ताटी असते, प्रोसेसरची उष्णता ती उचलते आणि पंखा तिच्यातून हवा फुंकतो. त्या पट्ट्यांत फटच उरली नव्हती. कारखान्यातून वर्षानुवर्षं उडत आलेली सुताची लव तिथं थरावर थर बसली होती. मी चिमट्यानं ओढली तर ती अखंड निघाली, तळहाताएवढी, मऊ, करडी. बाईंनी ती हातात घेऊन उलटसुलट केली आणि म्हणाल्या, "नरसय्याला दाखवायला पाहिजे. मागाशिवाय विणलंय ह्यानं." शिवाय मी जुना चिमुकला पंखा काढून मोठ्या पात्यांचा बसवला. मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा ढकलतो, त्यामुळे डासासारखा किणकिणत नाही.

"आणि एक करू," मी म्हणालो, "डबा लांब तारा लावून मागच्या खोलीत ठेवू. कटकटच नको."

बाई ताठ झाल्या. "बाहेर काढायचा?"

"बाई, कॉम्प्युटर आहे तो."

"असू दे. माझ्या वर्गातून मी कुणाला बाहेर काढलेलं नाही."

मी हात टेकले. ह्या बाईंशी वाद घालून कुणी जिंकल्याचं शाळेतल्या सगळ्यात जुन्या शिपायालाही आठवत नव्हतं. डबा टेबलाखालीच राहिला.

गिरण पुष्कळ कमी झाली. पण एप्रिल चढत गेला आणि खोली तापत गेली, तसा नवा पंखाही अधूनमधून कण्हायला लागला. आवाज पुसणारं एक सॉफ्टवेअर मी लावून पाहिलं. त्यानं पंखा पुसला आणि बाईंच्या आवाजाची धारही पुसली. अश्विनी म्हणाली, "आता बाई हिरीतनं बोलत्यात." ते काढून टाकलं.

ह्याच सुमारास बाईंचा घसा बसायला लागला. त्यांनी आधी आल्याचा काढा घेतला, मग खडीसाखर, मग मौन. शेवटी नरसय्यानं त्यांना जवळजवळ उचलूनच डॉक्टरांकडे नेलं. घशात, स्वरयंत्रावर, गाठ होती. ऑपरेशन करायलाच हवं होतं, मेच्या पहिल्या आठवड्यातली तारीख मिळाली. गाठ साधी असेल किंवा नसेल, आणि कशीही असली तरी नंतर आवाज पहिल्यासारखा राहील असं काही डॉक्टर म्हणाले नाहीत. तोपर्यंत बोलणं कमी करा, एवढं मात्र बजावलं.

हे मला बाईंनी सांगितलं ते भाजीचे भाव सांगावेत तसं. मग पुस्तक उघडून दाखवलं. वाचून झालेला भाग डाव्या हातात, उरलेला उजव्या हातात. उजवा अजून जाड होता. अश्विनीची परीक्षा मेच्या मध्यावर होती. "आवाज आहे तोवर हा हात रिकामा करायचाय," त्या म्हणाल्या. मी उगाच माईकची तार तपासत बसलो.

आता प्रत्येक वाक्य मोजकं झालं होतं. पंखा मधेच चढला की ते वाक्य वाया जायचं, पुन्हा वाचायचं म्हणजे पुन्हा घसा. आणि तो चढायचाही विचित्र. एका क्षणी शांत, दुसऱ्या क्षणी जोरात, की परत शांत. बाईंना आता हे ऐकू येऊ लागलं होतं, कारण चढउतार होता. मी त्यांना आतला तक्ता दाखवला. कॉम्प्युटर सुरू होताना एक कळ दाबून धरली की ते पान उघडतं. आडवा ताप, उभा वेग, मधून जाणारी रेघ. ती रेघ जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांची होती. ताप एका पायरीच्या कडेवर आला की पंखा एकदम उडी मारायचा, गार झाला की खाली यायचा, की ताप परत कडेवर.

बाई चष्मा सावरत म्हणाल्या, "पोरगं जरा हललं की खेकसायचं, हललं नाही की गप्प. काही मास्तर असतात असे."

मी पायऱ्या मोडून रेघ उताराची केली, आणि ताप काही सेकंद टिकला तरच वेग बदलायचा, अशी सवलत घातली. पंखा जरा शहाण्यासारखा वागू लागला. बाई मात्र त्या पानाकडे नव्या पुस्तकाकडे बघावं तशा बघत होत्या. कुठले ठिपके माउसनं ओढले की रेघ हलते, हे त्यांनी माझ्याकडून दोनदा करून घेतलं. मला तेव्हाच समजायला हवं होतं, पण आपण शिकवलेलं कुणी मन लावून शिकतंय म्हटल्यावर मास्तर माणूस फुगतो.

दोनेक दिवसांनी नरसय्याचा फोन आला. "सर, अक्का बोलत नाही. तुमी या."

बाई टेबलापुढं बसल्या होत्या. पडदा काळा होता. झालं होतं असं, की वाचायला बसण्याआधी बाईंनी ते पान उघडलं आणि ती सगळी रेघ स्वतःच्या हातानं खाली ओढून जमिनीला टेकवली. कितीही तापलं तरी पंख्यानं हळूच फिरायचं, असा सक्त हुकूम. पंख्यानं तो इमानदारीत पाळला. प्रोसेसर तापत गेला. अशा वेळी तो आधी आपलं कामच मंद करतो, आणि तरी ताप चढत राहिला की जीव वाचवायला स्वतःला बंद करून घेतो. बाई एका दमात सबंध धडा वाचत होत्या, सगळ्यात मोठा आणि सगळ्यात अवघड. अगदी शेवटच्या पानावर यंत्र मिटलं. धडा साठवलेला नव्हता.

मी रेघ पुन्हा उताराची केली आणि गेलेला धडा शोधायची खटपट केली. काही मिळालं नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि ओठ हलवले, तर आवाजाऐवजी नुसती हवा आली. मग त्यांनी टेबलावर डोकं टेकलं. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं बसलेलं पाहिलं नव्हतं.

नरसय्या दारात उभा होता. हा माणूस बहिणीच्या ह्या वाचनाबद्दल कधी चांगलं बोलला नव्हता आणि वाईटही. त्याच्या डोक्यात टॉवेलांची एक मोठी खेप घोळत होती, ती वेळेवर जायची होती. त्यानं मला अंगणात बोलावलं. मागांच्या आवाजात आम्हाला जवळजवळ ओरडावंच लागत होतं.

"सर, ते डबा कशानं तापतंय?"

"खोली तापलीय. पंखा काही हवा गार करत नाही. जी हवा आहे तीच फिरवतो. खोलीच भट्टी झाली तर तो काय करणार?"

"खोली कशानं तापलं?"

"खिडक्या बंद आहेत, चादरी लावल्यात."

"चादरी कशाला लावलं?"

अंगणापलीकडे माग खडखडत होते. नरसय्यानं तिकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मग तो कारखान्यात गेला.

एक माग थांबला. मग दुसरा. मग एकेक करत सगळे. पूर्व भागात भर दिवसा माग बंद पडतात ते वीज गेली की, नाहीतर गल्लीत कुणी वारलं की. छपाईची अक्षरं ठळक व्हावीत तसे इतर आवाज वर आले, कावळा, शेजारचा कुकर, रस्त्यावरची रिक्षा. बाई धावत बाहेर आल्या. बसक्या घशानं, घाबरून, तेलुगूत त्यांनी विचारलं ते मला भाषा न येताही कळलं. कोण गेलं?

"कोण नाही गेलं, अक्का," नरसय्या माझ्यासाठी मराठीत म्हणाला. "ऑपरेशन होईपर्यंत रोज दुपारपर्यंत माग बंद. खेप उशिरा जाईल, जाऊ दे. तू खिडक्या उघड."

बाई तिथंच उभ्या राहिल्या. मग त्यांनी भावाच्या दंडाला हात लावला आणि आत गेल्या. मोराची चादर आधी उतरली, मग हत्तीची. खोलीत वारा आला. गरमच होता, पण वारा होता.

दोन दिवस बाईंनी कडक मौन पाळलं. मग त्या भल्या सकाळी, ऊन चढायच्या आत, वाचायला बसू लागल्या. एक परिच्छेद वाचायचा, साठवायचा, थांबायचं. तेवढ्यात कॉम्प्युटर निवायचा, पंखा उतरायचा, बाई कोमट पाण्याचा घोट घ्यायच्या. मग पुढचा परिच्छेद. मला तर वाटतं, त्या पंख्यानं त्यांना जेवढी विश्रांती घ्यायला लावली तेवढी डॉक्टरांनाही जमली नसती. वाया गेलेला धडा त्यांनी सगळ्यात शेवटी वाचला. ते ध्वनिमुद्रण मी ऐकलंय. आवाज चिरकलेला आहे, काही ठिकाणी तर शब्दाचं नुसतं टोक ऐकू येतं. पण लढाईत कोण जिंकलं ते कळतं. शेवटच्या ओळीनंतर लांबवर एक रिक्षा जाते, आणि मग बाई अगदी हळू म्हणतात, "झालं बाळा." हे काही पुस्तकात नव्हतं.

ऑपरेशन झालं. अश्विनीनं परीक्षा दिली. गाठ साधी नव्हती.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते निकालानंतर. पुढच्या उपचारासाठी भाचा त्यांना पुण्याला नेणार होता, आणि तिथून त्या परत आल्या नाहीत. त्याआधी त्यांना भेटायला अश्विनी जेऊरहून रेल्वेनं आली. चांगल्या मार्कांनी पास झाली होती. मी तिला स्टेशनावरून घेऊन आलो.

बाई पलंगावर बसल्या होत्या, गळ्याला पट्टी, मांडीवर पाटी. आवाज नव्हताच. अश्विनी त्यांच्याशेजारी बसली आणि पहिल्यांदाच मला त्या दोघींची अडचण समजली. एकीला बोलता येत नव्हतं, दुसरीला दिसत नव्हतं. साहजिकच वाचायचं काम माझ्याकडे आलं. बाईंनी पाटीवर लिहिलं, मी मोठ्यानं वाचलं, "शाब्बास, मला ठाऊक होतं." बाईंनी वैतागून पेन्सिल पाटीवर आपटली आणि स्वल्पविरामावर बोट ठेवलं. मी थांबून पुन्हा वाचलं. त्यांनी परत आपटली. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा अश्विनी खदखदून हसत म्हणाली, "राहू द्या सर, तुमच्यानं न्हाय जमायचं."

बाईंनी पाटी बाजूला ठेवली. अश्विनीचा हात ओढून घेतला, तळवा उघडला आणि त्यावर बोटानं काहीतरी काढलं. अश्विनीची नजर चौथीत असताना गेली. तोवर ती अक्षरं गिरवून झाली होती. आधी ती बावरली. मग तिचे ओठ हलायला लागले, एकेक अक्षर जुळवत. बाई लिहीत होत्या आणि ती उत्तरं देत होती, त्यामुळे मला अर्धंच संभाषण ऐकू येत होतं.

"व्हय बाई."

"न्हाय वो, रडत न्हाय मी."

"शिकनार की. मास्तरीनच व्हनार."

त्यानंतर बाईंनी बरंच काही लिहिलं. अश्विनी ते शेवटपर्यंत ऐकत राहिली, म्हणजे तळव्यावर घेत राहिली. ह्या वेळी तिनं तोंडानं उत्तर दिलं नाही. चाचपडत तिनं बाईंचा हात शोधला, पालथा होता तो उताणा केला, आणि आपल्या बोटानं त्यांच्या तळव्यावर लिहायला लागली. तिला बोलता येत होतं आणि बाईंना ऐकू येत होतं, तरी ती लिहीत राहिली.